हंगाम: पलटणीचा आणि गेवराईचा

'हंगाम' हा शब्द फारसीतून मराठीत आला. तिकडे त्याचा अर्थ नुसता 'वेळ', 'समय' असा आहे. आपल्याकडे आल्यावर तो शेतात उतरला, आंब्याला लागला, लग्नकार्यांना लागला आणि भराच्या, सुगीच्या काळाचे नाव होऊन बसला. गंमत अशी, की याच शब्दाला ईकार लावला की अर्थ पार उतरतो. हंगाम म्हणजे भर. हंगामी म्हणजे तात्पुरता, आज आहे उद्या नाही असा. प्रत्ययाने अर्थ कसा पालटतो हे वर्गात सांगताना आम्ही हे उदाहरण घेतो, तेव्हा मुले माना डोलावतात खरी, पण त्यांच्या मनातला हंगाम तिसराच असतो. गेवराई तालुक्यात 'माणसं हंगामाला गेलीत' असे कोणी म्हटले, तर कुठल्या हंगामाला हे विचारावे लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरतात, वस्त्या आणि तांडे रिकामे होतात, म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे मागे उरतात, आणि होळी-पाडव्याच्या सुमारास माणसे परततात. तालुक्यात गढीला साखर कारखाना आहे. तरी आमची माणसे ऊस तोडायला सातारा-सांगली-कोल्हापूरला आणि थेट कर्नाटकात जातात.

या लेखाचा विषय मात्र ऊस नाही; निदान लिहायला बसलो तेव्हा तो नव्हता. विषय आहे 'पुणेरी पलटण' या व्यावसायिक कबड्डी संघाचा २०२३-२४ चा हंगाम. प्रो कबड्डी लीगचे ते दहावे पर्व. २ डिसेंबर २०२३ ला ते अहमदाबादेत सुरू झाले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत संपले, म्हणजे ऊसतोडीच्या ऐन पोटात बसले. बारा संघ, बारा शहरे, प्रत्येक संघाचे साखळीत बावीस सामने. आम्ही दोघे गेवराईत मराठी शिकवणारे. जमले तितके सामने दूरचित्रवाणीवर पाहिले, उरलेले मोबाइलवर. साहित्याच्या माणसांनी कबड्डीवर का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारणार असेल तर त्याने आधी क्रिकेटवर लिहिणाऱ्या साहित्यिकांना तो विचारावा.

खरा अडचणीचा प्रश्न वेगळा आहे. मराठवाड्यातल्या माणसाने पुण्याच्या संघाची बाजू का घ्यावी? आमच्याकडे पुण्यावरचे प्रेम जरा जपूनच केले जाते. पुण्याची पलटण आमच्या तालुक्यात गाजली ती ऑगस्ट १७६३ मध्ये, गोदाकाठी राक्षसभुवनला, थोरल्या माधवरावांबरोबर. लढाई पेशव्यांनी जिंकली. मुलूख मात्र पुढे १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला. तेव्हा पुण्याच्या विजयाने आपल्या पदरात काय पडते याचा अनुभव इथे जुना आहे. असो. आम्ही बाजू घेतली ती पुण्याची नव्हे, अस्लम इनामदारची. हा मुलगा आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगरमधल्या टाकळीभानचा. वडील लवकर गेले, आईने मोलमजुरी करून घर ओढले, पोराने मिळेल ते काम करता करता कबड्डी खेळली. ही कहाणी वर्तमानपत्रांनी 'संघर्षगाथा' म्हणून रंगवून छापली. आमच्या वर्गात ती कोणालाही गाथा वाटली नाही. अशी घरे त्यांच्या ओळखीची होती. ओळखीचे नव्हते ते एवढेच, की त्यातला एक जण संघनायक म्हणून नाणेफेकीला उभा राहतो.

पलटणीचा पूर्वेतिहास फारसा सांगण्यासारखा नाही. २६ जुलै २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते, आणि पहिल्या दोन्ही पर्वांत पुणे तळाला राहिले. शेजारची यू मुंबा एकदा उपविजेती आणि दुसऱ्यांदा विजेती होत असताना हे घडत होते, त्यामुळे टोमण्यांची सोय झाली. त्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार. त्याला पाटण्याने १२ लाख ८० हजारांना घेतले होते. ज्या खेळाला जन्मभर मॅट सोडा, धड मऊ मातीही मिळाली नव्हती, त्या खेळातल्या माणसाला बारा लाख, म्हणून लोकांनी तोंडात बोटे घातली. 'लिलाव' हा शब्द, सांगायला हवे, पोर्तुगीजांचा. फारसीने आम्हाला हंगाम दिला, पोर्तुगीजांनी लिलाव दिला, आणि पलटण दिली इंग्रजांनी. खेळ तेवढा आमचा. त्याचेही 'हुतूतू' हे नाव आम्हीच मागे टाकले.

त्या बारा लाखांपासून पुढच्या गोष्टीपर्यंत आठ वर्षे लागली. २०२२ मध्ये नवव्या पर्वात पलटण पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचली. इराणचा फझल अत्राचली तेव्हा संघनायक होता, बी. सी. रमेश प्रशिक्षक. रमेश अर्जुन पुरस्काराचे मानकरी. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद त्यांनी मिळवून दिले होते. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरने पलटणीला ३३-२९ असे हरवले. संघाचे दोन मुख्य चढाईपटू, अस्लम आणि मोहित गोयत, दुखापतींमुळे त्या सामन्यात उतरूच शकले नव्हते. चार गुणांचे अंतर आणि दोन माणसे बाहेर: हिशेब कोणालाही करता यावा असा होता.

यापुढे संघाने जे केले ते आम्हाला त्या साऱ्या कहाणीतले सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्यात पाहण्यासारखे काही नव्हते म्हणून त्याची चर्चाही फारशी झाली नाही. हरलेला संघ मोडायचा, नावाजलेली माणसे विकत घ्यायची, ही लीगमधली रूढ रीत. पलटणीने नावाजलेल्या फझलला जाऊ दिले आणि पोरे राखली. जायबंदी झालेले अस्लम आणि मोहित राखले. आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री राखले. लिलावाच्या भाषेत यालाही एक शब्द आहे, 'राखून ठेवणे'. शेतकऱ्याच्या तोंडी राखणे म्हणजे पीक राखणे, माळ्यावर बसून रात्र काढणे. या पोरांतली बरीचशी युवा खेळाडूंच्या गटातून कमी पैशांत आलेली होती, तेव्हा त्यांना राखणे मालकांच्या हिताचेही होते, हे आम्ही विसरत नाही. दया म्हणून कोणी काही केले नाही. पण दुखापत झाली म्हणून माणूस यादीतून गळला नाही, ही गोष्ट आम्ही ज्या मुलखात राहतो तिथून फार मोठी दिसते. का, ते पुढे येईल.

लिलाव झाला ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ ला, मुंबईत. त्याच्या दोनच दिवस आधी, ७ ऑक्टोबरला, चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई क्रीडास्पर्धेचा कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला होता. शेवटच्या मिनिटांत पवन सेहरावतच्या एका चढाईवरून नियमाचा असा गुंता झाला, की सामना तासभर थांबला, खेळाडू मॅटवर ठिय्या देऊन बसले, आणि अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. भारतीय संघात अस्लम आणि आकाश शिंदे होते. समोर इराणच्या बाजूने मोहम्मदरेझा शादलू होता, विशीतला, दांडगा, पकड झाल्यावर मांडी थोपटून प्रेक्षकांकडे पाहणारा. त्याला पलटणीने २ कोटी ३५ लाखांना घेतले. आधी एकमेकांचे पाय धरणारे दोन महिन्यांच्या आत एका कोंडाळ्यात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले.

इराणशी या खेळाचे नाते वैराचे म्हणून सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. २०१८ मध्ये जकार्तात इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य सामन्यात हरवले आणि १९९० पासून चालत आलेली सुवर्णपदकांची मालिका तुटली. त्याच स्पर्धेत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला हरवले, आणि त्या महिलांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एका मराठी बाईने शिकवलेल्या कबड्डीने आपण हरलो. (आणि आपल्या मुलींचे काय? लीगने महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरवली. तिचे दुसरे पर्व झाले नाही. हंगामी या शब्दाचा याहून चोख अर्थ सांगता येणार नाही.) शादलूच्या भाषेतला 'हंगाम' आपल्याकडे राहिला आणि खेळाच्या पर्वाला ते लोक आता 'फस्ल' म्हणतात. निजामाच्या अमलातले जुने, फसली सनाचे कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्या मराठवाड्यातल्या माणसाला हाही शब्द परका नाही.

पलटण कशी खेळली? आकडे सांगून टाकतो: बावीस सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबरी, दोन पराभव, ९६ गुण, तक्त्यात पहिला क्रमांक. उपांत्य सामन्यात पाटण्याला ३७-२१ असे लोळवले. पण आकड्यांत न दिसणारी गोष्ट अशी, की या संघात 'हिरो' नव्हता. त्या पर्वातल्या सर्वाधिक चढाई-गुणांचा मान दिल्लीच्या आशू मलिकचा. पलटणीकडे चढाया चौघांत वाटलेल्या होत्या. एका सामन्यात मोहित, दुसऱ्यात अस्लम, तिसऱ्यात आकाश किंवा पंकज. पकडीत डाव्या कोपऱ्यावर शादलू घोटा धरायला टपलेला, पण तो झेपावला की त्याच्या मागे अबिनेश, गौरव, संकेत एकाच वेळी येत, जणू एकच दोरी चौघांच्या कमरेला बांधलेली आहे. चढाईपटू असलेला अस्लमही पकडीत उतरे. पर्वाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला, आणि सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला ९९ गुण मिळवणारा शादलू.

कबड्डीचा एक नियम आहे, जो आम्हाला या खेळाचा गाभा वाटतो. बाद झालेला खेळाडू बाहेर जाऊन बसतो. पण तो कायमचा गेलेला नसतो. त्याच्या सोबत्याने एक गडी टिपला की बसलेला एक जण उठतो. मराठीत आपण सरळ म्हणतो, 'तो जिवंत झाला.' ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने ते जिवंत होतात. तिथे वशिला चालत नाही, नाव चालत नाही. बॅडमिंटनपटूला कोणी जिवंत करीत नाही, क्रिकेटमधला बाद फलंदाज त्या डावापुरता मेलेलाच असतो. इथे मात्र माणूस बाजूला बसून आपल्याला उठवणाऱ्याकडे डोळे लावून असतो. आणि मैदानात तिघे किंवा कमी उरले असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड, तिला एक गुण जास्त. म्हणजे थोडे उरलेल्यांच्या कष्टाला नियमातच अधिक मोल आहे. पलटण अडचणीत सापडली की कॅमेरा खेळणाऱ्यांवर असे, पण आमची नजर कडेला बसलेल्यांवर जाई. मांड्यांवर हात ठेवून, पुढे झुकून, तोंडाने सूचना देत बसलेली ती पोरे. त्यांनी एकमेकांना इतक्या वेळा उठवले होते, की बसल्या जागी घाबरलेला चेहरा आम्हाला क्वचितच दिसला. एका हंगामात असे होत नाही. त्याला तीच माणसे तीन-चार हंगाम एकत्र लागतात.

याच डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या संघातला एक चढाईपटू, द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, कऱ्हाडकडच्या एका कारखान्याच्या फडात होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे इथले मोजमाप. आईची कंबर गेली होती, उचल मात्र बहिणीच्या लग्नात घेऊन खर्च झालेली होती, म्हणून आईचा अर्धा कोयता त्याने धरला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्याच्याशिवाय झाली. संघ पहिल्या फेरीत हरला. अर्थात तो असता तरी जिंकला असता असे नाही. पलटणीचे पुण्यातले घरचे सामने बालेवाडीत चालू असताना एका रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन आला.

"सर, मॅच बघितली का?"

"बघितली. तू कुठं बघितलीस?"

"कोपीवर. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज केला. टोळीतली धाबारा पोरं होती."

"मग झोप आता. पहाटे उठायचं असेल."

"तीनला गाडी भरायची, सर. पण अस्लमची ती शेवटची चढाई बघितली का? बोनस घेऊन मागं फिरला नाही, सर, आत गेला."

पुढची दहा मिनिटे त्याने आम्हाला ती चढाई समजावून सांगितली. आम्ही त्याला वृत्ते समजावून सांगतो तेव्हा तो असाच ऐकत असावा: आदराने आणि अर्धेच कळून. त्यानंतर हंगामभर हे फोन येत राहिले. तो पाहणारा आणि आम्ही पाहणारे, पण त्याचे पाहणे निराळे होते. आम्ही गुण मोजत होतो. तो पाय पाहत होता. कोण कोणत्या पायावर भार टाकतो, कोण थकल्यावर डावीकडे कलतो. 'सर, ऊस तोडतानाबी असंच असतं, डावा पाय पुढं ठेवला तर कोयता नडगीवर येत नाही,' असे तो एकदा सहज बोलून गेला.

फेब्रुवारीत कोयता नडगीवर आलाच. टाके पडले, आठ दिवस काम बंद. टोळीच्या हिशेबात या आठ दिवसांना 'खाडा' म्हणतात. मुकादमाच्या वहीत खाडा लिहिला जातो आणि त्याचे पैसे उचलीत वळते होतात. मुकादमही आमच्या तालुक्यातलाच माणूस, त्याच्यावर कारखान्याची बाकी असते. हा दुष्टपणाचा प्रश्न नाही, हा वहीचा प्रश्न आहे. जखमेला त्या वहीत रकाना नाही. खाडा टळावा म्हणून बीडच्या बायांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा बाहेरच्या लोकांना हा शब्द पहिल्यांदा कळला. दुखापतीने अंतिम सामना हुकलेल्या अस्लमला आणि मोहितला संघाने राखले, हे आम्हाला एवढे मोठे का वाटते असे वर म्हटले, त्याचे कारण हे.

आता हिशेबाची एक गोष्ट. पलटणीचा हंगाम मध्यावर असताना, जानेवारी २०२४ मध्ये, साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात पुण्यातच करार झाला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला सरासरी दोन टन तोडतो असे धरले आणि हंगाम दीडशे दिवसांचा धरला, तर शादलूच्या २ कोटी ३५ लाखांएवढा ऊस तोडायला एका जोडप्याला दोनशे चौदा हंगाम लागतील. राक्षसभुवनच्या लढाईनंतर अर्ध्या शतकाच्या आतच सुरुवात करावी लागेल. हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला तेव्हा एका मुलीने विचारले, 'सर, पण मग शादलूला कमी द्यायचे का?' प्रश्न बिनतोड होता. असले गुणाकार-भागाकार करायला सोपे असतात आणि लेखाला बरे दिसतात, पण त्यांनी कोणाचेच काही सिद्ध होत नाही. शादलूचे शरीर पाच-सहा वर्षे चालेल, मग त्याचाही खाडा सुरू होईल. त्याचा आकडा मोठा आहे म्हणून तो अन्यायाच्या बाजूला उभा आहे असे नव्हे. आम्हाला आकड्यापेक्षा अटी महत्त्वाच्या वाटतात: जखम झाली तर काय, पुढच्या वर्षी काय, आणि सोबतची माणसे तीच राहणार का.

या तिन्ही प्रश्नांशी आमचाही संबंध आहे, हे दडवण्यात अर्थ नाही. आम्ही दोघे तासिका तत्त्वावरचे. एकाची सेट झालेली, दुसऱ्याची पीएच.डी.; चाळिशी दोघांनीही ओलांडली. दरवर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, नवा आदेश, आणि परीक्षा संपल्या की आदेशही संपतो. उन्हाळ्यात आम्ही कोणीच नसतो. तास घेतला तर मानधन, न घेतला तर खाडा. शब्द तेवढा आमच्याकडे वापरीत नाहीत. सुशिक्षित माणसाने आपली तुलना ऊसतोड्याशी करू नये, ती अशोभनीय ठरते, आणि खोटीही. आमच्या नडगीवर कोयता येत नाही. पण 'राखून ठेवणे' हा शब्द लिलावाच्या बातमीत वाचल्यावर आम्ही दोघे थोडा वेळ काही बोललो नाही, एवढे इथे नोंदवतो. एखादा विद्यार्थी प्रथम वर्षाला अडखळत वाचतो, द्वितीय वर्षाला प्रश्न विचारू लागतो, आणि तृतीय वर्षाला त्याच्यासमोर नवाच माणूस उभा असतो, कारण आदेश दुसऱ्याच्या नावाचा निघालेला असतो. अशा रीतीने चांगला संघ होत नाही. चांगला वर्गही होत नाही.

१ मार्च २०२४ चा अंतिम सामना गच्चीबावलीच्या बंदिस्त क्रीडागारात पुणे आणि हरियाणा यांच्यात झाला. रंगतदार म्हणावा असा तो नव्हता. दोन्ही बाजू इतक्या सावध, की बऱ्याच चढाया रिकाम्या गेल्या; तिसऱ्या, 'करा वा मरा' चढाईवरच काय ते घडे. पूर्वार्धाअखेर १३-१०. एकाच गोष्टीने फरक पडला: पंकज मोहितेची चार गुणांची अव्वल चढाई. अस्लम नाही, मोहित नाही, शादलू नाही. चौघांतला तो, ज्याचे नाव वर्तमानपत्रांच्या मथळ्यात सर्वांत कमी आले होते. सामना २८-२५ असा संपला. पुण्याचे पहिले विजेतेपद. रमेश प्रशिक्षकांना पोरांनी खांद्यावर घेतले की नाही हे आम्हाला दिसले नाही, कारण त्याच वेळी फोन वाजला आणि पलीकडून कोपीतली सगळी टोळी ओरडत होती. टाके निघालेले होते, तो पुन्हा फडात जाऊ लागला होता.

पुढचे थोडक्यात. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात शादलू पलटणीत राहिला नाही. हरियाणाने, म्हणजे ज्यांना त्याने अंतिम सामन्यात रोखले होते त्यांनीच, त्याला २ कोटी ७ लाखांना नेले. अकराव्या पर्वात अस्लमच्या गुडघ्याने दगा दिला, उरलेल्या हंगामाला तो मुकला, आणि गतविजेत्या पलटणीला बाद फेरीही गाठता आली नाही. २९ डिसेंबर २०२४ ला करंडक हरियाणाने उचलला, आणि तोही पुण्यात, बालेवाडीत. शादलूला त्याच्या पुढच्या लिलावात गुजरातने घेतले. रमेश बंगळूरला गेले. त्यांच्या जागी अजय ठाकूर आले.

२०२५ च्या पावसाळ्यात इकडे वेगळेच वाढून ठेवले होते. सप्टेंबरात जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गोदाकाठची गावे पाण्यात गेली. कापूस उभ्या जागी सडला. ज्या घरांतून यंदा कोणी फडात जाणार नव्हते, तिथेही उचल घेतली गेली. बारावे पर्व या वेळी ऑगस्टअखेर सुरू झाले होते, त्यामुळे ते उसाच्या हंगामाआधीच संपले. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना, आणि गाळपाला सरकारने तारीख दिली होती १ नोव्हेंबर. पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. आदित्य शिंदे या नव्या पोराने जवळजवळ एकट्याने सामना ओढला होता.

आमचा चढाईपटू आता पदवीधर आहे. टोळी दोन दिवस आधीच निघाली होती, त्यामुळे सामना त्याने वाटेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानावर बसून पाहिला. नंतर त्याचा फोन आला. तीन गुणांनी गेली, म्हणाला. मग आदित्यच्या पायांबद्दल बराच वेळ बोलला. शेवटी त्याने विचारले, एम.ए.चा फॉर्म हंगाम संपल्यावर मार्चमध्ये भरता येईल का. आम्ही म्हणालो, मार्चमध्ये नाही, जूनमध्ये ये. तोवर आमचे आदेश निघालेले नसतील, पण फॉर्म भरता येतो.